टाळी, तानपुरा आणि रिकामं आवर्तन

"अगं, आवाज येतोय तुझा, पण तानपुरा कुठंय?"

माझ्या गाण्याच्या गुरू, ताई, त्यांचा हा निरोप व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी बँकेत होते. डबा खायच्या सुट्टीत जिन्यात जाऊन ऐकला आणि सकाळी त्यांना रेकॉर्ड करून पाठवलेला यमन राग पुन्हा लावून पाहिला. खरंच, तानपुरा नव्हता. सुरुवातीचे दोन-तीन सेकंद होता, मग कुणी हळूच दार लोटून घ्यावं तसा नाहीसा झाला. मी सा लावला की माझ्या आवाजामागे जरासा डोकावायचा, मी थांबले की पुन्हा गडप. आणि गाताना तर तो माझ्या शेजारी, टॅबला जोडलेल्या स्पीकरवर, चांगला घरभर घुमत होता.

नंतर कळलं ते असं. बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून फोन पंखा, फ्रिज, रस्ता असे न थांबता येणारे आवाज ओळखून पुसून टाकतो. न थांबणं, न बदलणं हेच तर तानपुऱ्याचं काम. त्यामुळे फोनच्या लेखी पंखा आणि तानपुरा यांत फरक नाही. व्हिडिओवरून शिकणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं. अशा ॲपमध्ये आवाज आहे तसाच जाऊ देण्याची सोय सेटिंगमध्ये कुठेतरी असते. ती शोधून चालू केली नाही, तर गुरू समोर बसून निराधार सूर ऐकत राहतात.

ताई नाशिकमध्ये होत्या तोवर यातलं काहीच करावं लागलं नव्हतं. सतरा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी बँकेतून परस्पर त्यांच्याकडे जायचे. मग त्या मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. महिन्यातून एकदा मी जाते, आणि मधल्या आठवड्यांत रियाज रेकॉर्ड करून पाठवायचा असं ठरलं. मला वाटलं, यात काय आहे, बटण दाबायचं नि गायचं.

त्या निरोपानंतर मी नीट मांडामांड केली. यूएसबीचा साधा माईक आणला. जुन्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घातलं. ते फुकट मिळतं आणि माझ्यासारखीला पुरून उरतं. माईक तोंडासमोर नाही, थोडा बाजूला, साधारण दोन वितींवर. समोरच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली, कारण उघड्या भिंतीवरून आवाज परत येतो आणि आपण आहोत त्यापेक्षा बरे वाटतो. पंखा बंद, मे महिन्यातसुद्धा. पहाटे सव्वापाचला बसायचं, कारण पावणेसहाला सोसायटीच्या पाण्याची मोटर सुरू होते आणि ती माझ्या निषादाच्या, म्हणजे नीच्या, जरा खाली घुमते. एकदा का ती कानात शिरली की निषाद हलतोच.

साथीला आयतबला प्रो, तबला-तानपुरा वाजवणारं ॲप. माझी पट्टी, म्हणजे माझा सा, काळी चार. तानपुऱ्याची पहिली तार पंचम, विलंबित एकताल, लय मिनिटाला पंधरा मात्रा. म्हणजे एक मात्रा चार सेकंदांची आणि बारा मात्रांचं आख्खं आवर्तन, तालाचा एक पूर्ण फेरा, अठ्ठेचाळीस सेकंदांचं. हे आकडे मी मुद्दाम देतेय, पुढे त्यांच्यावर बरंच काही अवलंबून आहे.

ठेका, म्हणजे तबल्यावरचे तालाचे ठरलेले बोल, आणि तानपुरा आधी तारेनं लॅपटॉपमध्ये भरून घ्यायचा, मग तो इअरफोनमध्ये ऐकत गायचं. आवाज सॉफ्टवेअरमधल्या वेगळ्या पट्टीवर (ट्रॅकवर) नोंदला जातो, साथ वेगळ्या. नंतर दोन्ही एकत्र करून ताईंना पाठवायचं. पहिल्या आठवड्यात विलंबित पाठवलं, ते ठीक गेलं. दुसऱ्या आठवड्यात तीनतालातली छोटी बंदिश पाठवली, लय दोनशे. ताईंचं उत्तर आलं, "लय कुठे ठेवून आलीस? प्रत्येक सम हुकलीय."

मी ऐकलं. प्रत्येक सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हुकली होती. "धा" पडून गेल्यावर माझी सम येत होती, एकदा नाही, झाडून प्रत्येक वेळी. सतरा वर्षं शिकून ही अवस्था? दोन दिवस मी तंबोऱ्याच्या खोलीत गेले नाही.

माझ्या भाचीनं ते सोडवलं. ती आवाजाच्या तंत्राचं शिकते. तिनं विचारलं, "आत्या, इअरफोन बिनतारी आहेत ना?" मग म्हणाली, एक ठोका वाजवू, इअरफोन माईकला चिकटवून तोच ठोका परत रेकॉर्ड करू, आणि दोन्हींत किती अंतर पडतं ते पाहू. अंतर पडलं दोनशेवीस मिलिसेकंदांचं. बिनतारी इअरफोनपर्यंत आवाज पोचायलाच दीड-दोनशे मिलिसेकंद जातात, उरलेला वेळ लॅपटॉप खातो. म्हणजे मला ठेका उशिरा ऐकू येत होता, मी त्या उशिरा आलेल्या ठेक्यावर बरोबर गात होते, आणि सॉफ्टवेअर माझा आवाज मूळ ठेक्याशेजारी नेऊन ठेवत होतं. दोनशेच्या लयीत एक मात्रा असते तीनशे मिलिसेकंदांची. त्यातले दोनशेवीस गेले म्हणजे पाऊण मात्रेच्या आसपास मागे. विलंबितात चार सेकंदांच्या मात्रेत तेवढंच अंतर अठरावा हिस्सा होतं, म्हणून ते कुणाच्या कानाला लागलं नव्हतं.

तारेचे इअरफोन आणले. लॅपटॉपचा उरलेला उशीर ऑडॅसिटीच्या सेटिंगमध्ये भरता येतो, तो भरला. आता मी प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी ठेक्यासोबत चार टाळ्या वाजवते आणि पडद्यावर टाळी आणि ठोका एकाखाली एक आलेत का ते बघते. नाही आले तर गायला सुरुवात करत नाही. जी मंडळी घरून अशी साथ घेऊन रेकॉर्डिंग करतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, या चार टाळ्या चुकवू नका. आपली लय वाईट आहे असं उगाच मनात धरून बसणं फार वाईट असतं, मी ते दोन दिवस भोगलंय.

इथवर सगळं यंत्राचं होतं. यंत्राचा दोष निघून गेल्यावर माझा दिसायला लागला.

एका पहाटे चुकून साथीच्या पट्टीचा आवाज बंद राहिला आणि माझं विलंबित मी एकटंच ऐकलं. ठेका नाही, तानपुरा नाही, नुसता माझा गळा. असं स्वतःला मी कधीच ऐकलं नव्हतं. एकतालाचा ठेका ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल: दहाव्या मात्रेवर दुसऱ्यांदा "तिरकिट" वाजतं आणि समेची चाहूल लागते. माझा मुखडा, म्हणजे समेवर आणणारी बंदिशीची ओळ, तिथून पुढे उठतो. तर त्या "तिरकिट"च्या जागेपासून माझं गाणं धावायला लागत होतं. मुखड्याचे शब्द भराभर जवळ यायचे, समेच्या अक्षराआधीचा स्वर मी नको तितका लांबवायचे, थांबायचे, आणि मग सम. ठेक्यासकट ऐकताना हे कळत नाही, कारण सम बरोबर "धिं"वरच पडलेली असते. पडलेली कसली, मी लवकर पोचून दारात उभी राहत होते आणि "धिं" आला की आत शिरत होते.

ताई मला कित्येक वर्षं म्हणतात, "घाई करतेस." मी दर वेळी मनात म्हणायचे, सम तर बरोबर येते, मग घाई कुठे? त्या पहाटे मला ती घाई पहिल्यांदा ऐकू आली.

त्याच सुमारास गुरुपौर्णिमेला पुण्यात आमचं छोटं गाणं होतं. तबल्याला तिथलाच एक तरुण मुलगा होता. हाताला छान गोडवा, कान तयार. तिसऱ्या आवर्तनात माझी सम चुकली, चौथ्यात मी कशीबशी धरली, पुढची त्यानं मला सांभाळून घेऊन दिली. उठल्यावर मी त्याची क्षमा मागितली, तर तो फार नम्रपणे म्हणाला, "काकू, तुमची लय आहे. पण तुम्ही माझं ऐकत नव्हता."

तो परतीचा प्रवास मला चांगला आठवतो. त्याचं म्हणणं खरं होतं. ॲपमधला तबला माझं ऐकत नाही, त्यामुळे मीही त्याचं ऐकणं सोडून दिलं होतं. तो कधी चुकणारच नाही, हलणारच नाही, हे माहीत असल्यावर कान कशाला ताणायचे? माणसाच्या ठेक्याला श्वास असतो. गायिका आलाप भरत असेल तर तबलजी "धागे" जरा दाबून टाकतो, मुखडा उठतोय दिसलं की "धी ना" किंचित मोकळा करून देतो. लय तीच असते, पण तिच्यात हालचाल असते. मला ती हालचाल धरता येत नव्हती, कारण वर्षभर मी तसं काही धरलंच नव्हतं.

ॲप सोडून द्यावं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. रोज पहाटे सव्वापाचला विलंबित एकताल वाजवायला माझ्याकडे कोण येणार? ताईंच्या उमेदीच्या काळात कुणी भाऊ, कुणी शेजारी हातानं ताल देत बसायचा, नाहीतर स्वतःच मांडीवर ताल धरायचा. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला, त्यानंतर हळूहळू तो डबा घरोघर आला. माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या बायकांचा रियाज अशा साधनांमुळेच टिकला, हे मी कृतज्ञतेनं सांगते. तानपुरा लावायला अर्धा तास आणि गायला अर्धा तास, असं गणित असतं तर संसार सांभाळून मी कधीच गायले नसते.

म्हणून मी ॲप ठेवलं, पण त्यात भोकं पाडली. तीस मिनिटांचा ठेका लॅपटॉपमध्ये भरून घेतला आणि ऑडॅसिटीत दर चार आवर्तनांनंतर एक आवर्तन पुसून टाकलं. म्हणजे चार आवर्तनं तबला, मग अठ्ठेचाळीस सेकंद नुसता तानपुरा, मग पुन्हा तबला. त्या रिकाम्या आवर्तनात मला स्वतःच्या लयीनं गाऊन समेवर यायचं, आणि तिथे "धिं" भेटतोय का बघायचं. हातानं ताल द्यायचा नाही, बोटं मोजायची नाहीत.

पहिल्या दिवशी मी पाच सेकंद आधी पोचले. पाच सेकंद म्हणजे सव्वा मात्रा! सम घेऊन मी गप्प बसले आणि तो "धिं" येईना. त्या शांततेत मला खोलीतलं घड्याळ ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी घाई टाळायची म्हणून इतकी रेंगाळले की तबला सुरू झाला तेव्हा मी मुखड्याच्या मध्यात होते. पंधरा-वीस दिवस असेच गेले. मग एकदा सम आणि "धिं" एकमेकांवर बसले. त्यानंतरही रोज बसत नाहीत, पण आता चूक एका सेकंदाच्या आतबाहेर असते, आणि मुख्य म्हणजे ती होत असतानाच मला कळते.

तानपुऱ्याचंही असंच काहीसं झालं, तेही सांगते.

आमच्या घरी आईचा मिरजेचा तंबोरा आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आईनं पेपरातलं कात्रण कापून त्याच्या गवसणीत ठेवलं. त्याचा भोपळा मंगळवेढ्याकडचा, असं ती अजून अभिमानानं सांगते. मला ॲपऐवजी तो तंबोरा साथीला हवा होता, पण गाताना तो छेडला तर माईकमध्ये दोन्ही एकत्र मिसळतात आणि मग वेगळं ऐकता येत नाही. म्हणून एका पावसाळी रविवारी आईला बसवलं, तिनं जोडाच्या मधल्या दोन तारा लावल्या, खर्जाची जाड तार लावली, तारांखालचा जवारीचा दोरा सरकवून सरकवून आवाज उघडला आणि चाळीस मिनिटं नुसता तंबोरा छेडला. छोटा तुकडा घेऊन फिरवत ठेवता येतो, पण सांधा कितीही जपून जोडा, तिथे तंबोऱ्याला उचकी लागते. म्हणून सलग चाळीस मिनिटं.

तो तंबोरा कानाशी घेऊन गायले आणि गंधाराचं, म्हणजे गचं, कोडं सुटलं. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून गंधार आपोआप उमटतो, त्याला आपण स्वयंभू म्हणतो. पेटीचा गंधार त्यापेक्षा चढा असतो. काळी चारच्या सा पासून मोजला तर साधारण दोनशेएकसष्ट-बासष्ट हर्ट्झ, आणि तंबोऱ्यातला दोनशेसाठच्या जरासा खाली. दोनच हर्ट्झचा फरक, पण यमनात न्यास गंधारावर केला, म्हणजे तिथे विसावलं, की तो फरक दाताखाली खडा यावा तसा लागतो. मी लहानपणी पेटीवर शिकले, माझा गंधार कायम पेटीचा होता. रेकॉर्डिंगमध्ये तो तंबोऱ्याच्या गंधाराशेजारी थरथरताना ऐकू आला. आता मी तो शोधत नाही, तंबोऱ्याचा ऐकते आणि त्याच्यात आवाज सोडते.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. त्या चाळीस मिनिटांत बाविसाव्या मिनिटानंतर खर्ज किंचित उतरलाय. पावसाळी हवा, तार सैल झाली असणार. छेडताना आईला कळलं नाही, मलाही नाही. नंतर मी त्याच्यासोबत गायलेलं वेगवेगळं करून ऐकलं, तर बाविसाव्या मिनिटानंतर माझा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, सा त्याच्यामागोमाग उतरला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. गळा आपणहून खर्जाच्या मागे गेला. ॲपच्या तानपुऱ्यासोबतच्या इतक्या महिन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये असं एकदाही झालेलं नाही, होणारच नाही. मला ही चूक फार आवडली. तबलेवाल्या मुलानं "ऐकत नव्हता" म्हटलं होतं, आणि इथे मी ऐकत होते. आईला सांगितलं तर तिनं पहिल्यांदा खुंट्या तपासल्या.

रेकॉर्डिंग साठवण्याबद्दल एवढंच. एका पट्टीचा तासभर रियाज तीनशे एमबीच्या वर जातो. जागा स्वस्त आहे म्हणून पहिल्या वर्षी मी सगळं नोंदत गेले आणि त्यातलं जवळजवळ काहीच ऐकलं नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान ध्वनिमुद्रणाला बसल्या तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत होती. माझ्या लयीत एवढ्या वेळात चार आवर्तनंसुद्धा पुरी होत नाहीत. त्या तीन मिनिटांत काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे त्या पिढीच्या कलाकारांना आधी ठरवावं लागलं असणार, आणि त्या तबकड्यांमध्ये एक स्वरही वाया गेलेला वाटत नाही. मी आता फक्त वीस मिनिटं नोंदते. त्याच दिवशी ऐकत नाही, कारण गायल्या गायल्या आपल्याला आपण गायला हवं होतं ते ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये, कॉलेज रोड ते बँक, आधी नुसता गळा आणि मग साथीसकट. वहीत तारीख, राग, लय, आणि एकच ओळ. जुन्या ओळी चाळल्या तर "आकार बंद", "श्वास समेच्या आधी", "ग चढा" हेच पुन्हा पुन्हा येतं.

भाची मला स्वरांचा आलेख काढून देणारं सॉफ्टवेअरही दाखवून गेली. गळ्याची रेघ पडद्यावर नागमोडी जाते, बघायला मोह होतो. दोन आठवडे वापरलं आणि बंद केलं. तीव्र मध्यमावरून पंचमावर न तुटता घसरत जाणारी मींड रेघेत सरळ दिसली म्हणून ती यमनाची झाली असं होत नाही, आणि माझे डोळे कानाच्या पुढे धावायला लागले होते. ज्यांना उपयोगी पडतं त्यांनी जरूर वापरावं. मला नको.

परवाच्या गुरुवारी ताईंना वीस मिनिटं पाठवली. आईचा तंबोरा, ॲपचा ठेका, तीन रिकामी आवर्तनं. पहिल्यात मी अर्धा सेकंद आधी आले, दुसऱ्यात बरोबर, तिसऱ्यात जरा मागे. रात्री ताईंचा निरोप आला: "तंबोरा छान लागलाय, आईला सांग. दुसरं आवर्तन पुन्हा पुन्हा ऐक, तिथे तू मोकळी होतीस. तिसऱ्यात दहाव्या मात्रेनंतर पुन्हा पळालीस आणि मग घाबरून थांबलीस, म्हणून मागे पडलीस. पुढच्या वेळी दोन आवर्तनं सलग पुसून पाठव."

दोन आवर्तनं म्हणजे शहाण्णव सेकंद. फाईल तयार करून ठेवलीय.